कात्री कुणाच्या हातात?

प्रौढ मतिमंदांसाठी दिवसभराचं केंद्र असावं, हे आज साधं वाटतं. साठच्या दशकात कॅलिफोर्नियातल्या बहुतेक पालकांपुढे मात्र दोनच वाटा होत्या : मूल घरी सांभाळायचं, नाहीतर दूरच्या सरकारी इस्पितळाच्या प्रतीक्षायादीत त्याचं नाव घालायचं. पालकांच्या रेट्यामुळे १९६६ साली लॉस एंजेलिस आणि सॅन फ्रान्सिस्कोत सेवांची सोय लावून देणारी प्रादेशिक केंद्रं सुरू झाली. १९६९च्या लँटरमन कायद्याने ती राज्यभर नेली.

पुढे पैसे कमी पडले. सरकारी खात्याने केंद्रांना सेवा कापायचे आदेश दिले. १९८५ साली राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने ते अवैध ठरवले : सेवा हा कायद्याने दिलेला हक्क आहे, निधी पुरत नसेल तर विधिमंडळाने तो वाढवावा, नाहीतर कायदा बदलावा.

मी सॉफ्टवेअर इंजिनिअर. आमच्याकडे बजेट आटलं की ज्याचे वापरकर्ते ओरडत नाहीत, ते फीचर आधी जातं. या निकालाने तसं गुपचूप कापणं अडवलं. कापायचंच तर उघडपणे, सभागृहात मतं देऊन.

आपल्या २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्यातली मोफत शिक्षणाची हमी अठराव्या वर्षी संपते. एकोणिसाव्या वर्षी सकाळी दप्तर घेऊन दारात उभ्या राहणाऱ्याला कुठे पाठवायचं, हे अजून घरच्यांनीच ठरवायचं असतं.