दातांच्या तारेची कुळकथा

दिवाळीच्या फराळाचे ताट पुढे आले, की घरातली चौदा वर्षांची नात चकली हळूच बाजूला सारते. तिच्या दातांना तार आहे. कडक पदार्थ तिला वर्ज्य. आजी सुनेकडे पाहून म्हणतात, "पोरीच्या तोंडाला ही वेसण कशाला घातलीस गं? दात म्हणजे भिंतीतला खिळा. एकदा हलवला, की ढिला झालाच म्हणून समज." शेजारच्या काकूंना हे आजकालचे नटवे खूळ वाटते, तर चार बुके अधिक वाचलेले काका सांगतात, की इजिप्तच्या ममींच्या दातांनाही अशाच तारा होत्या! गंमत अशी, की इतिहासाला साक्षीला बोलावले तर तिघांचेही म्हणणे टिकत नाही.

प्रथम काकांचे पाहू. ममींची ही गोष्ट एका पुस्तकातून दुसऱ्यात उतरत आली. पण तिच्यामागे भक्कम पुरावा नाही. प्राचीन इटलीतील एट्रुस्कन लोकांच्या दातांवर सोन्याच्या पट्ट्या सापडल्या आहेत खऱ्या. परंतु त्यांचे मुख्य काम पडलेल्या दाताच्या जागी बसवलेला दात धरून ठेवण्याचे होते, वाकडा दात सरळ करण्याचे नव्हे.

काकूंचे खूळ मात्र चांगलेच जुने निघते. सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी सेल्सस या रोमन ग्रंथकाराने लिहून ठेवले, की दुधाचा दात पडण्याआधीच नवा दात उगवला, तर दुधाचा दात काढावा आणि नवा दात रोज बोटाने ढकलून जागेवर आणावा. पुढे 1728 मध्ये पिएर फोशार या फ्रेंच दंतवैद्याने आपल्या ग्रंथात धातूच्या कमानदार पट्टीचे वर्णन केले. वाकडे दात दोऱ्याने या पट्टीला बांधले, की हळूहळू रांगेत येत. आजच्या तारेची ही पणजीच म्हणायची. शिवाय हा केवळ नटण्याचा प्रश्न नाही. एकमेकांवर चढलेले दात नीट घासले जात नाहीत, आणि पुढे आलेले दात पडझडीत आधी दुखावतात.

आता आजींचा खिळा. दात हाडात ठोकलेला नसतो. त्याचे मूळ आणि जबड्याचे हाड यांच्यामध्ये तंतूंचा पातळ थर असतो. कार्ल सँडस्टेट या स्वीडिश संशोधकाने 1904-05 च्या सुमारास कुत्र्याच्या दातांवर प्रयोग करून दाखवले, की ज्या बाजूला दाब पडतो तिथले हाड झिजते आणि ज्या बाजूला ताण बसतो तिथे नवे हाड भरते. उपचार चालू असताना दात थोडा हलतो, तो यामुळेच. काम संपले की हाड पुन्हा त्याला घट्ट धरते. तार जितकी जोरात आवळावी तितके काम लवकर, हीही समजूत खोटी. फार दाब पडला, तर तिथल्या पेशी मरतात आणि दात उलट अडून बसतो. हाडाची ही घडामोड आयुष्यभर चालते, म्हणून हिरड्या निरोगी असतील तर चाळिशीतही तार लावता येते.

पण गैरसमज काय फक्त आजींचेच असतात? या शास्त्राचे अमेरिकेतील अध्वर्यू एडवर्ड अँगल यांनी 1899 मध्ये वाकड्या दातांचे वर्गीकरण केले आणि 1900 मध्ये सेंट लुई येथे या विद्येची शाळा काढली. जागा करण्यासाठी चांगला दात काढणे त्यांना मुळीच मान्य नव्हते. गुरूंचा शब्द म्हणजे वेदवाक्य! त्यांचेच शिष्य चार्ल्स ट्वीड यांनी ॲरिझोनात वर्षानुवर्षे तो पाळला. पण आपण सरळ केलेले कित्येकांचे दात पुन्हा बिघडताना त्यांनी पाहिले. तेव्हा त्यांनी अशा रुग्णांच्या चार उपदाढा काढून नव्याने उपचार केले आणि 1940 च्या सुमारास आपले निष्कर्ष व्यवसायबंधूंपुढे मांडले. स्वतःचे अपयश चारचौघांत मांडायला धैर्य लागते. आज 'दात काढूच नये' हाही नियम नाही आणि 'काढलाच पाहिजे' हाही नाही. प्रत्येकाचा जबडा पाहून ठरवावे लागते.

शेवटची समजूत नातीची स्वतःची: तार निघाली, की सुटलो! दातांना जुन्या जागेची ओढ असते. म्हणून तार काढल्यावरही दंतवैद्य सांगतील तितके दिवस दात धरून ठेवणारी पट्टी वापरावी लागते. ती कपाटात पडली, तर दोन वर्षांची मेहनत वाया जाते.

तेव्हा यंदा नातीच्या ताटात चकलीऐवजी मऊ बेसनाचा लाडू वाढा, आणि तोंडापुढे हात धरून हसायची तिची सवय मोडा. तारेला नावे ठेवणारे दोन दिवस हसतील. 'हसतील त्यांचे दात दिसतील' असे आपल्याकडे म्हणतातच. नातीचेही दिसू द्यात की!