वैनगंगेकाठचे पोरके मूल

सिवनी जिल्ह्यात उगम पावणारी वैनगंगा बालाघाटमधून वाहत गोंदिया जिल्ह्याच्या सीमेवर येते, तेव्हा ती धानाच्या मुलखाची नदी झालेली असते. १९९९ साली भंडाऱ्यापासून वेगळ्या झालेल्या या जिल्ह्यातील तिरोडा आणि गोंदिया तालुक्यांना तिचे पाणी रोजच्या परिचयाचे आहे. परंतु ज्यांनी ही नदी कधी पाहिली नाही, अशा देशोदेशीच्या मुलांनीही तिचे नाव शतकाहून अधिक काळ वाचले आहे. रडयार्ड किपलिंगच्या 'द जंगल बुक' (१८९४) आणि 'द सेकंड जंगल बुक' (१८९५) या पुस्तकांतील मोगलीच्या कथा सिवनीच्या डोंगरांत घडतात आणि त्यांतील लंगडा वाघ शेरखान याचे ठाणे वैनगंगेच्याच काठी आहे.

आपल्याकडे मोगली घरोघरी पोहोचला तो १९९३ साली दूरदर्शनने दाखविलेल्या जपानी चित्रमालिकेमुळे. तो मोगली खेळकर आणि बेफिकीर होता. मूळ पुस्तकातील मोगली मात्र रडतो. लांडग्यांच्या टोळीतून बाहेर पडावे लागते त्या रात्री त्याच्या डोळ्यांतून प्रथमच पाणी येते आणि आपण मरत तर नाही ना, असे तो विचारतो. हे मरण नसून माणसांचे अश्रू आहेत, असे बगीरा त्याला समजावतो. या कथांचा गाभा वाघ-अस्वलांच्या नवलाईत नाही, तर या अश्रूंत आहे. त्यांचे मूळ शोधावयाचे झाल्यास मात्र वैनगंगेचा काठ सोडून मुंबईस जावे लागते.

किपलिंगचा जन्म ३० डिसेंबर १८६५ रोजी मुंबईत झाला. त्याचे वडील जॉन लॉकवुड किपलिंग जे. जे. कलाशाळेत शिक्षक होते. मृत्यूनंतर, १९३७ साली, प्रसिद्ध झालेल्या आत्मवृत्तात त्याने बालपणीच्या दोन सोबत्यांची आठवण सांगितली आहे. एक त्याची आया. ती 'पोर्तुगीज रोमन कॅथलिक' होती आणि वाटेवरच्या क्रुसापाशी थांबून, या मुलाला शेजारी घेऊन, प्रार्थना करी. दुसरा मीता नावाचा हिंदू नोकर. तो मुलाचा हात धरून त्याला छोट्या देवळांत नेई. त्या काळच्या मुंबईत 'पोर्तुगीज' हे विशेषण गोव्याच्या आणि वसई-साष्टीच्या एतद्देशीय कॅथलिकांनाही सर्रास लावले जाई. उत्तर कोकणातील आपल्या बांधवांनी १८८७ मध्ये 'ईस्ट इंडियन' हे नाव घेतले, त्यामागे हेही एक कारण होते. ही दोघे त्याला देशी भाषेत गोष्टी सांगत. आईवडिलांसमोर जाताना मात्र इंग्रजी बोलण्याची ताकीद असे, आणि मुलगा मनातल्या देशी बोलीचे अडखळत भाषांतर करी.

१८७१ साली, वयाच्या सहाव्या वर्षी, त्याला धाकट्या बहिणीसह इंग्लंडातील साउथसी येथे एका परक्या कुटुंबाच्या हवाली करण्यात आले. आईवडील मुंबईस परतले. पुढील जवळजवळ सहा वर्षे त्याने मारझोड आणि अपमान सोसला. ज्या घराने वाढविले त्या घरातून एकाएकी काढून टाकलेले हे मूल पुढे लेखक झाले. १८९२ नंतर, अमेरिकेतील व्हरमाँट राज्यात हिमवर्षावात बसून, त्याने मोगलीच्या कथा लिहिल्या. सिवनीचे रान त्याने पाहिलेले नव्हते. त्याची माहिती रॉबर्ट स्टर्नडेलच्या १८७७ सालच्या पुस्तकासारख्या लेखनातून आली; मोगलीचे दुःख मात्र उसने नव्हते.

म्हणूनच मोगलीला दोन माता आहेत. शेरखानच्या तोंडून त्याला वाचविणारी लांडगीण रक्षा ही पहिली. ज्या स्त्रीचे मूल वाघाने नेले होते ती मेसुआ ही दुसरी. ती त्याला दूध पाजते, हरवलेल्या मुलाच्या नावाने हाक मारते. दोघींचे प्रेम निखळ आहे. परंतु टोळी त्याला 'माणूस' म्हणून हाकलते आणि गाव त्याला 'लांडगा' म्हणून दगड मारते. मोगलीला आसरा दिला म्हणून गावकरी मेसुआला आणि तिच्या नवऱ्यालाही जाळावयास निघतात. मायेला कुळ विचारावे लागत नाही, समाजाला मात्र ते विचारल्यावाचून राहवत नाही, हा या कथांतील खरा संघर्ष होय. रक्षा आणि मेसुआ यांच्या मागे वाटेवरच्या क्रुसापाशी उभी असलेली ती आया दिसू लागते. आत्मवृत्तात तिला नाव नाही. ती केवळ आया आहे.

'जंगलचा कायदा' या शब्दप्रयोगाचा आपण 'बळी तो कान पिळी' असा अर्थ करतो. पुस्तकात तो नेमका उलट आहे. तेथील कायदा म्हणजे संयम: गरजेपुरतीच शिकार करावी, पिल्लांचा वाटा ठेवावा, मौजेसाठी जीव घेऊ नये. या कायद्याचे सर्वांत सुंदर प्रतीक वैनगंगेतच आहे. दुष्काळात पाणी आटून पात्राच्या मध्यभागी शांतीचा खडक उघडा पडला, की वृद्ध हत्ती सोंड उंचावून तहाची घोषणा करतो. मग वाघ आणि हरिण एकाच नदीचे पाणी पितात आणि पाणवठ्यावर कोणी कोणाला मारीत नाही.

त्याच काठावर हत्ती सृष्टीच्या आरंभाची कथा सांगतो. प्रारंभी सारे प्राणी फळे-पाने खात आणि एकत्र नांदत. पहिल्या वाघाच्या अंगावर पट्टे नव्हते. त्याने रागाच्या भरात हरिणाचा जीव घेतला, जगात मृत्यू आला आणि वृक्षवेलींनी त्याच्या अंगावर खुणा उमटविल्या. पवित्र शास्त्रातील उत्पत्तीचे पुस्तक जाणणाऱ्याला येथे एदेन आणि काइन आठवल्याशिवाय राहत नाही. फरक एवढाच, की काइनाची खूण त्याला इतरांच्या सूडापासून वाचविण्यासाठी होती. वाघाचे पट्टे ही केवळ अपराधाची साक्ष आहे.

ज्याने हा तह रंगविला, त्यानेच १८९९ मध्ये गोऱ्यांच्या साम्राज्याला पवित्र कर्तव्य ठरविणारी कविता लिहिली आणि जालियनवाला बागेनंतर जनरल डायरसाठी उभारलेल्या निधीला हातभार लावला, हे विसरता येत नाही. त्याची सावली मोगलीवरही पडली आहे. १८९३ सालच्या एका कथेत तरुण मोगली इंग्रज अधिकाऱ्याच्या हाताखाली जंगल खात्याचा पहारेकरी होतो. प्रत्यक्षात १८७८ च्या वन कायद्याने सरकारने राने राखीव केली होती आणि पिढ्यान् पिढ्या तेथे राहणाऱ्यांचे हक्क आकुंचित केले होते. ते हक्क मान्य करणारा कायदा यावयास २००६ साल उजाडले.

या भूमीचे मूळ धनी पुस्तकात एका प्रसंगी ठळकपणे येतात. मेसुआच्या छळाबद्दल मोगली हत्तींकरवी ते गाव उद्ध्वस्त करू लागतो, तेव्हा भयभीत गावकरी एका गोंड प्रमुखाला बोलावतात. तो एक शब्दही बोलत नाही. कडू कारल्याचा वेल उचलून तो देवळाच्या दाराला आडवातिडवा गुंफतो आणि निघून जातो. येथे आता रान माजणार, हा त्याचा अर्थ. किपलिंगने गोंडांना भूमीचे आदिम स्वामी म्हटले, त्यांच्या हाती इतके समर्थ प्रतीक दिले, पण वाचा दिली नाही.

ती वाचा मात्र तेव्हाही होती. नागपूरचे स्कॉटिश मिशनरी स्टीफन हिस्लॉप यांनी परधान गायकाकडून उतरवून घेतलेले लिंगोचे गीत, त्यांच्या निधनानंतर १८६६ मध्ये, म्हणजे 'जंगल बुक'च्या अठ्ठावीस वर्षे आधी, रिचर्ड टेंपल यांनी प्रसिद्ध केले होते. त्यात गुहेत कोंडलेल्या गोंडांना लिंगो सोडवितो. गोंदिया जिल्ह्याच्या सालेकसा तालुक्यातील कचारगडची प्रचंड गुहा हीच ती जागा, अशी गोंड समाजाची श्रद्धा असून माघ पौर्णिमेला तेथे अनेक राज्यांतून भाविक येतात. तेथे सांगितल्या जाणाऱ्या कथेत कोंडलेली ती लहान मुले आहेत. हिरासुका नावाच्या वादकाच्या संगीताने गुहेच्या तोंडावरची शिळा हलते, मुले बाहेर येतात आणि तो स्वतः त्या शिळेखाली चिरडला जातो.

मोगलीला अखेर दोन्ही घरांचे दार सोडावे लागते. कचारगडच्या मुलांसाठी कोणीतरी आपला जीव देऊन दार उघडतो. गोंदियातील मुलांच्या हाती 'जंगल बुक' अवश्य द्यावे. परंतु शांतीच्या खडकाची गोष्ट सांगून झाली, की त्याच बैठकीत हिरासुकाचीही सांगावी, आणि ती शक्यतो एखाद्या गोंड आजीच्या तोंडून ऐकवावी.