काढून घेतलेले लाइक

१८ नोव्हेंबर २०१२, रविवार. आदल्या दिवशी बाळासाहेब ठाकरे गेले होते, अंत्ययात्रेमुळे मुंबई बंद होती. पालघरच्या एका मुलीने फेसबुकवर लिहिलं, की माणसं रोज मरतात, त्यासाठी बंद कशाला? तिच्या मैत्रिणीने ते लाइक केलं. दोघींना अटक झाली, मग जामीन मिळाला. काकांचा दवाखानाही फोडला गेला.

मी तेव्हा कॉलेजात होतो. बातमी वाचली त्या रात्री मी माझे जुने लाइक एकेक करून काढत बसलो. मला कुणीही धमकावलं नव्हतं.

लावलेल्या कलमांत आयटी कायद्याचं ६६-अ होतं. ‘अतिशय आक्षेपार्ह’, ‘त्रास’, ‘गैरसोय’ असे शब्द, व्याख्या एकाचीही नाही, आणि शिक्षा तीन वर्षांपर्यंत. (गैरसोय तर आमच्या फॅमिली ग्रुपवर रोजच होते.) दिल्लीच्या श्रेया सिंघल सर्वोच्च न्यायालयात गेल्या आणि २४ मार्च २०१५ रोजी ते कलम रद्द झालं.

निकाल लक्षात राहिला तो एवढाच. पण तुमच्या फोनशी रोज संबंध येतो तो त्यातल्या दुसऱ्या भागाचा, कलम ७९चा. दुसऱ्याने टाकलेल्या पोस्टसाठी कंपनी जबाबदार नाही, मात्र बेकायदा मजकूर ‘कळल्यावर’ तिने तो काढायला हवा. कळल्यावर म्हणजे नेमकं कधी? २०११च्या नियमांनुसार कुणीही तक्रार केली की ३६ तासांत हालचाल करायची. भांडत बसण्यापेक्षा पोस्ट उडवणं कंपनीला स्वस्त. न्यायालयाने म्हटलं, कळणं म्हणजे कोर्टाचा आदेश किंवा सरकारची सूचना. रागावलेल्या शेजाऱ्याचा ईमेल नव्हे.

त्याच निकालात ६९-अ मात्र टिकलं. त्याखाली सरकार मजकूर ब्लॉक करायला सांगू शकतं, आणि नियमांतली गुप्तताही तशीच राहिली. म्हणून ‘भारतात उपलब्ध नाही’ एवढीच पाटी दिसते, कारण दिसत नाही. शिवाय कंपनीने स्वतःच्या नियमांनी पोस्ट काढली, तर ७९चा हा अर्थ तुमच्या उपयोगी पडत नाही. माझ्या मते तिथेच आपण सर्वांत उघडे आहोत.

२०२१ साली न्यायालयासमोर आलं, की रद्द झालेल्या ६६-अखाली पोलीस अजून गुन्हे नोंदवतायत. न्यायाधीशांना धक्का बसला. २०२२च्या ऑक्टोबरमध्ये पुन्हा आदेश द्यावा लागला.

मी काढलेले लाइक परत दिले नाहीत. कुठल्या पोस्ट होत्या, तेही आता आठवत नाही.