कार्नेशन क्रांती
कार्नेशन क्रांती हा पोर्तुगालमध्ये २५ एप्रिल १९७४ रोजी झालेला लष्करी उठाव होय. त्यामुळे १९३३ पासूनची ‘इश्तादो नोव्हो’ (नवे राज्य) ही हुकूमशाही राजवट एका दिवसात कोसळली. १९६८ मध्ये आंतोनियो सालाझार यांच्या जागी मार्सेलो कायतानो पंतप्रधान झाले, तेव्हा ती डगमगली नव्हती. तिला पोखरले ते आफ्रिकेतील वसाहती राखण्यासाठी १९६१ पासून चाललेल्या युद्धांनी. या युद्धांना कंटाळलेल्या कप्तान दर्जाच्या अधिकाऱ्यांनीच उठाव घडवला. लोकांनी सैनिकांच्या बंदुकांच्या नळ्यांत कार्नेशनची फुले खोचली. क्रांती रक्तहीन म्हटली जात असली, तरी गुप्त पोलिसांच्या गोळीबारात चार जण ठार झाले. सालाझार यांनी अखेरपर्यंत नाकारलेले गोव्यावरील भारताचे सार्वभौमत्व नव्या सरकारने ३१ डिसेंबर १९७४ च्या कराराने मान्य केले. लोकशाही राज्यघटना १९७६ मध्ये लागू झाली.