रानघोडा माणसाळवण्याच्या पद्धती : दडपणाकडून धन प्रबलनाकडे

प्रास्ताविक

मराठीत घोड्याला चाल शिकवण्याच्या कामास ‘घोडा फेरणे’ असे म्हणतात आणि ते काम करणाऱ्यास ‘चाबूकस्वार’ ही जुनी संज्ञा आहे. इंग्रजीत याच कामासाठी ‘ब्रेक’, म्हणजे मोडणे, हे क्रियापद रूढ झाले. एका भाषेने शिक्षकाच्या नावातच चाबूक ठेवला, तर दुसरीने शिक्षणालाच मोडण्याचे रूप दिले. मात्र मराठीत ‘माणसाळवणे’, ‘चुचकारणे’ आणि ‘गोंजारणे’ हे शब्दही तितकेच जुने आहेत. धाक आणि माया हे दोन्ही मार्ग माणसाला प्रथमपासून ठाऊक होते, एवढे यावरून निश्चित म्हणता येते.

प्रस्तुत लेखात घोडा, विशेषतः मोकळ्या रानात वाढलेला घोडा, माणसाळवण्याच्या पद्धतींचा संक्षिप्त ऐतिहासिक आढावा घेतला आहे. ‘सौम्य’ म्हणून गौरवलेली प्रत्येक पद्धत मानसशास्त्रीय अर्थाने धन प्रबलनाची असतेच असे नाही, हे या आढाव्यातून दाखवावयाचे आहे. हा भेद विसाव्या शतकात स्पष्ट झाला. अमेरिकेतील मस्टँग घोड्यांच्या बाबतीत त्याला आज जीवनमरणाच्या प्रश्नाचे स्वरूप आले आहे.

प्रथम संज्ञांचा अर्थ निश्चित करणे आवश्यक आहे. स्वाराने लगाम खेचला, घोडा थांबला आणि स्वाराने लगाम ढिला सोडला, तर घोड्याने त्रास टळावा म्हणून थांबणे शिकले. हे ऋण प्रबलन होय. घोडा थांबला आणि त्यामुळे त्याला मूठभर हरभरे मिळाले, तर ते धन प्रबलन होय. दोन्हींत वर्तन वाढीस लागते. परंतु पहिल्यात अप्रिय गोष्ट दूर होते आणि दुसऱ्यात प्रिय गोष्ट प्राप्त होते. यांतील ‘धन’ आणि ‘ऋण’ हे शब्द बेरीज-वजाबाकीचे असून ते चांगले-वाईट या अर्थाने वापरलेले नाहीत.

प्राचीन ग्रंथांतील विचार

अश्वशिक्षणावरील अतिप्राचीन उपलब्ध ग्रंथ मितन्नी देशातील किक्कुली या शिक्षकाच्या नावाने ओळखला जातो. हित्ती राजधानी हत्तुशा येथे तो मातीच्या पट्ट्यांवर सापडला. ख्रिस्तपूर्व सुमारे चौदाव्या शतकातील या ग्रंथात फेऱ्यांच्या मोजणीसाठी ऐकवर्तन्न, तेरवर्तन्न, पंझवर्तन्न, सत्तवर्तन्न आणि नवर्तन्न असे शब्द आले आहेत. एक, तीन, पाच, सात आणि नऊ हे मराठी वाचकास त्यांत सहज ओळखू येतात. तथापि या ग्रंथाचा विषय रथाच्या घोड्याचा दमसास हा आहे. त्यात घोड्याच्या मनाचा विचार फारसा नाही.

तो विचार ख्रिस्तपूर्व चौथ्या शतकातील ग्रीक लेखक झेनोफोन याने केला. शिंगरू शिक्षकाकडे देण्यापूर्वी मोतद्दाराने त्याला माणसाची ओढ लावावी, भूक, तहान आणि माशांचा त्रास एकटेपणाशी, तर त्यांपासूनची सुटका माणसाशी जोडली जावी, असे त्याने सुचवले. रागाच्या भरात घोड्याशी वागू नये आणि तो एखाद्या वस्तूला बुजत असेल तर मारल्याने भीती वाढतेच, हेही त्याने नोंदवले. मात्र त्याच ग्रंथात खरखरीत लगामाचाही उपदेश आहे. शिवाय त्याच्यापुढील शिंगरू माणसांच्या घरी जन्मलेले होते, हे विसरून चालणार नाही.

कौटिल्याच्या अर्थशास्त्रात अश्वाध्यक्षाच्या कर्तव्यांवर स्वतंत्र अध्याय आहे. तीक्ष्ण, भद्र आणि मंद असे घोड्यांचे स्वभावभेद सांगून त्यानुसार युद्धाचे वा वाहनाचे काम नेमावे, असे त्यात म्हटले आहे. प्राण्याची प्रकृती पाहून शिक्षण ठरवावे, हे तत्त्व येथे राज्यव्यवहाराचा भाग झालेले दिसते.

मस्टँग आणि एकोणिसाव्या शतकातील ‘सौम्य’ पद्धती

घोड्याचे मूळ उत्तर अमेरिकेत असले तरी सुमारे दहा हजार वर्षांपूर्वी तो तेथून नामशेष झाला. १४९३ मध्ये कोलंबसाच्या दुसऱ्या सफरीबरोबर तो कॅरिबियन बेटांवर आणि १५१९ मध्ये कोर्तेसबरोबर मेक्सिकोत पोचला. १६८० च्या प्वेब्लो उठावानंतर घोडे उत्तरेकडे पसरले, असे पूर्वी मानले जाई. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पुरातत्त्वीय आणि जनुकीय संशोधनाने सतराव्या शतकाच्या पूर्वार्धातच मूलनिवासी समाजांनी घोडा आपलासा केल्याचे दाखवले. पळालेल्या व सोडलेल्या घोड्यांची रानात वाढलेली संतती म्हणजे मस्टँग. काटेकोर अर्थाने तो पाळीव वंशाचाच. परंतु माणसाचा स्पर्श न झालेल्या मस्टँगच्या लेखी माणूस हा शिकारी प्राणीच असतो.

१८३४ मध्ये कोमांची प्रदेशात गेलेला चित्रकार जॉर्ज कॅटलिन याने फासात पकडून थकवलेल्या घोड्याच्या नाकपुड्यांत श्वास सोडून त्याला शांत करण्याच्या रीतीचे वर्णन केले आहे. ओहायोतील जॉन सॉलोमन रेअरी (१८२७–१८६६) याची कीर्ती याहून मोठी झाली. १८५८ मध्ये त्याने इंग्लंडमध्ये राणी व्हिक्टोरियासमोर प्रयोग केले आणि क्रूझर हा कुप्रसिद्ध घोडा शांत करून दाखवला. रेअरी घोड्याचा एक पुढचा पाय पट्ट्याने दुमडून बांधत असे, दमलेला घोडा जमिनीवर बसला की त्याचे सर्वांग गोंजारत असे. मारझोडीच्या त्या काळात ही मोठी सुधारणा होती, हे मान्य केले पाहिजे. तरीही येथे गोंजारणे येते ते शरणागतीनंतर. घोड्याला नकार देण्याची वाटच उरलेली नसते.

प्रयोगशाळेतून पागेकडे

एडवर्ड थॉर्नडाइक याने १८९८ मध्ये मांजरांवरील प्रयोग प्रसिद्ध केले. त्यांतून सुखद परिणाम देणारे वर्तन दृढ होते हा परिणामाचा नियम पुढे आला. त्याच सुमारास बर्लिनमध्ये विल्हेल्म फॉन ओस्टेन आपल्या हान्स या घोड्याला पाव आणि गाजरे देऊन अंकगणित शिकवत होते. १९०७ मध्ये ऑस्कर फुंग्स्ट याने हान्सला गणित येत नसून तो प्रश्नकर्त्याच्या मस्तकाची नकळत होणारी सूक्ष्म हालचाल वाचतो, असे सिद्ध केले. घोड्याच्या निरीक्षणशक्तीचा मात्र तो उत्तम पुरावा ठरला.

बी. एफ. स्किनर याने १९३८ च्या ग्रंथात साधक अभिसंधानाची मांडणी केली. योग्य वर्तनाच्या नेमक्या क्षणी खेळण्यातील टिकटिक्यासारखा आवाज करून मागाहून खाद्य द्यावे, हे तंत्र त्याने १९५१ मध्ये सर्वसामान्य वाचकांसाठी सांगितले. त्याचे विद्यार्थी केलर आणि मॅरियन ब्रेलँड यांनी ते प्राणिशिक्षणाच्या व्यवसायात आणले, डॉल्फिन शिकवणाऱ्या कॅरेन प्रायर यांनी १९८४ च्या पुस्तकातून ते लोकप्रिय केले आणि अलेक्झांड्रा कर्लंड यांचे घोड्यांसाठीचे पुस्तक १९९८ मध्ये आले.

याच काळात टॉम डोरन्स, रे हंट आणि मॉन्टी रॉबर्ट्स यांच्या ‘नैसर्गिक’ अश्वविद्येचा प्रसार झाला. मारहाण टाळणे आणि घोड्याची देहबोली ओळखणे हे या परंपरेचे मोठे योगदान होय. परंतु गोल रिंगणात घोड्याला पळवत ठेवणे आणि तो माणसाकडे वळताच दडपण काढून घेणे, हे तंत्र मुळात ऋण प्रबलनाचे आहे. घोडा जवळ येतो यामागे माणसाची ओढ किती आणि पळण्याच्या श्रमातून सुटका किती, हा प्रश्न येथे उपस्थित होतो. सेलिगमन आणि मायर यांनी १९६७ मध्ये कुत्र्यांवरील प्रयोगांतून दाखवले, की टाळता न येणारा त्रास सोसलेला प्राणी पुढे सुटकेची संधी असूनही प्रयत्न सोडून देतो. त्यामुळे निश्चल उभा असलेला घोडा शांत झाला आहे की हताश, हे केवळ पाहून ठरवता येत नाही.

मस्टँगचा प्रश्न आणि धन प्रबलन

व्हेल्मा जॉन्स्टन (१९१२–१९७७) यांच्या चळवळीमुळे अमेरिकेत १९५९ मध्ये मोटारींतून रानघोड्यांची शिकार करण्यास बंदी झाली आणि १९७१ च्या कायद्याने त्यांना संरक्षण मिळाले. संरक्षणामुळे संख्या वाढली. भू-व्यवस्थापन विभागाने कुरणांची क्षमता सुमारे सत्तावीस हजार जनावरांची ठरवली असता, मार्च २०२० मध्ये रानातील घोडे व गाढवे मिळून सुमारे ९५ हजारांचा अंदाज होता. पकडून आणलेली साठ हजारांच्या आसपास जनावरे अलीकडच्या वर्षांत सरकारी आवारांत आणि कुरणांत पोसली गेली आहेत. त्यांना दत्तक देणे हा एक उपाय. परंतु हात लावू न देणारा घोडा कोण नेणार? २००४ च्या दुरुस्तीनुसार दहा वर्षांवरील अथवा तीन वेळा दत्तकासाठी मांडूनही न स्वीकारलेले जनावर विक्रीस पात्र ठरते, आणि विक्रीनंतर कायद्याचे कवच उरत नाही. माणसाळणे हा मस्टँगच्या दृष्टीने भवितव्याचा प्रश्न आहे, तो या अर्थाने.

या गरजेतून १९८६ मध्ये कोलोराडोतील कॅन्यन सिटी येथे कैद्यांकरवी घोडे शिकवण्याचा उपक्रम सुरू झाला. २००७ पासून सुमारे शंभर दिवसांत मस्टँग शिकवण्याच्या स्पर्धाही भरू लागल्या. अशा मुदतीत दडपणाच्या पद्धतींचा मोह होणे स्वाभाविक आहे.

धन प्रबलनाची रीत वेगळी आहे. माणूस कुंपणापलीकडे राहतो. मस्टँगला गाजर वा धान्य हे खाद्य म्हणून ओळखीचेच नसते, म्हणून आरंभ बहुधा गवतापासून करावा लागतो. घोड्याने माणसाकडे पाहिले की टिकटिक आवाज आणि थोडे गवत. मग एक पाऊल पुढे आले की तेच. त्यानंतर काठीच्या टोकावरील चेंडूला नाक लावणे, हाताचा स्पर्श, गळ्यातील दोर आणि खूर उचलू देणे असे टप्पे येतात. घोड्याच्या जठरात आम्ल सतत स्रवत असल्याने त्याला उपाशी ठेवणे अपायकारक असते. म्हणून चारा नेहमी उपलब्ध ठेवूनच हे शिक्षण द्यावे लागते. घोडा केव्हाही मागे फिरू शकतो, हे या पद्धतीचे मुख्य लक्षण होय.

तरीही एक तात्त्विक अडचण उरते. ज्या घोड्याला माणसाची जवळीकच भयप्रद वाटते, त्याच्यासाठी सुरुवातीचे सर्वांत मोठे बक्षीस माणसाने दूर होणे हेच असते. म्हणजे प्रारंभी ऋण प्रबलन संपूर्ण टाळणे कठीण. शिवाय घोडा आवारात कोंडलेला असतो, हे दडपण कोणत्याच पद्धतीने नाहीसे होत नाही. त्यामुळे शुद्धतेचा दावा करण्यापेक्षा दडपणाचे प्रमाण आणि कालावधी कमीत कमी ठेवणे हे उद्दिष्ट अधिक प्रामाणिक ठरेल.

उपलब्ध संशोधन या दिशेला दुजोरा देते. फर्ग्युसन आणि रोसालेस-रुइझ यांनी २००१ मध्ये वाहनात चढण्यास नकार देणाऱ्या पाच घोड्यांना लक्ष्य-स्पर्शाच्या व खाद्याच्या साह्याने चढण्यास शिकवले. इन्स आणि मॅकब्राइड यांनी २००८ मध्ये हालअपेष्टांतून सोडवलेल्या तट्टांवर दोन्ही पद्धतींची तुलना केली, तेव्हा धन प्रबलनाने शिकणारी तट्टे शिक्षणात अधिक उत्सुकतेने सहभागी होताना आढळली. फ्रान्समध्ये सांकी व सहकाऱ्यांनी २०१० मध्ये दाखवले, की खाद्य देऊन शिकवलेले घोडे काही महिन्यांच्या खंडानंतरही शिकलेले विसरले नाहीत आणि माणसाकडे अधिक ओढीने आले. हे अभ्यास माणसाच्या सहवासात राहिलेल्या घोड्यांचे असल्याने रानघोड्यांना ते जसेच्या तसे लागू करता येत नाहीत, ही मर्यादा लक्षात घ्यावी लागते.

निष्कर्ष

अश्वशिक्षणाच्या इतिहासाकडे केवळ क्रौर्याकडून करुणेकडे झालेला प्रवास म्हणून पाहणे अपुरे आहे. झेनोफोनपासून करुणा होतीच. नंतरच्या काळात भर पडली ती काटेकोर निरीक्षणाची : प्राणी काय टाळण्यासाठी वागतो आणि काय मिळवण्यासाठी वागतो, हे वेगळे करून पाहण्याची. या कसोटीवर रेअरीचे गोंजारणे आणि रिंगणातील ‘मैत्री’ यांचे मूल्यमापन नव्याने करावे लागते. मस्टँगच्या बाबतीत वेळ, खर्च आणि कुरणांची क्षमता ही बंधने खरी आहेत. परंतु शंभर दिवसांत शरण आलेला घोडा नव्या घरी पुन्हा बुजला, तर वाचवलेला वेळ व्यर्थ जातो. ज्या घोड्याला माघारी फिरण्याची मोकळीक होती आणि तरीही जो पुढे आला, त्यालाच खऱ्या अर्थाने माणसाळलेला म्हणता येईल.