द्रोणागिरी परिसर आणि नीचतापी किरणोत्सार शोधक : एक ऐतिहासिक टिपण

द्रोणागिरी हे नाव ज्या रामायणकथेची आठवण करून देते, ती कथा ओळख न पटण्याची आहे. वनस्पती ओळखता आली नाही, म्हणून हनुमंताला सारा पर्वत उचलावा लागला. उरणच्या द्रोणागिरी परिसरात १९८९ साली न्हावा-शेवा बंदर सुरू झाले. पाण्यापलीकडे ट्रॉम्बेला १९५६ सालीच 'अप्सरा' अणुभट्टी कार्यान्वित झाली होती. अणुभट्ट्यांचा इतिहास पुष्कळ लिहिला गेला. किरणोत्सारी पदार्थ ओळखण्यासाठी लागणाऱ्या शीतविद्येचा मात्र त्या मानाने फारसा नाही.

या ओळखीची निकड रायगड जिल्ह्यास २००८ साली जाणवली. फ्रान्समध्ये लिफ्टच्या बटणांत कोबाल्ट-६० आढळले व त्या पोलादाचा माग खोपोलीच्या एका ओतकाम कारखान्यापर्यंत आला. भंगारातून आलेला किरणोत्सार वितळलेल्या पोलादात उतरला होता. किरणोत्सार आहे, एवढे साध्या गणकासही कळते. तो कोणत्या पदार्थाचा, हे ठरविणे निराळे. कोबाल्ट-६०चे गॅमा किरण ११७३ व १३३२ किलोइलेक्ट्रॉन व्होल्ट या ऊर्जांचे असतात. सोडियम आयोडाइडच्या स्फटिकात या रेषा पसरट उमटतात. जर्मेनियममध्ये त्यांची रुंदी केवळ २ किलोइलेक्ट्रॉन व्होल्टच्या आसपास असते. परंतु सामान्य तापमानास उष्णतेनेच जर्मेनियममधील इलेक्ट्रॉन सुटे होऊन खरा संकेत झाकोळतो. म्हणून ते द्रव नायट्रोजनने, सुमारे ७७ केल्विन तापमानास, थंड ठेवावे लागते.

यापुढील टप्पा बोलोमीटरचा. त्यात किरणाची ऊर्जा उष्णतेच्या रूपात मोजतात. प्येर क्यूरी व अल्बेर लाबोर्द यांनी १९०३ साली रेडियमची उष्णता मोजली, ती असंख्य अणूंची मिळून. एकाच कणाची उष्णता जाणवायची, तर शोधकाची उष्माधारकता अत्यल्प हवी. ती निरपेक्ष शून्याच्या जवळच लाभते. कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेने 'टिन-टिन' प्रकल्पात कथिलाचा असा बोलोमीटर विकसित करण्याचे काम हाती घेतले. कथिल-१२४मध्ये न्यूट्रिनोविरहित दुहेरी बीटा क्षय होतो काय, हा त्यातील प्रश्न होय. येथे तपासायचा पदार्थ हाच शोधक! कथिल ३.७ केल्विनखाली अतिसंवाहक होते, आणि आणखी थंड करीत गेल्यास त्यातील इलेक्ट्रॉनांचा उष्माधारकतेतील वाटा जवळजवळ नाहीसा होतो.

इतक्या दुर्मिळ क्षयाच्या शोधात भोवतालचा किंचित किरणोत्सारही फसवू शकतो. त्यामुळे बोलोमीटरच्या आधी जर्मेनियमचाच आधार घ्यावा लागला. शिसे-तांब्याच्या कवचातील जर्मेनियम शोधकासमोर संस्थेत शिशाचे, तांब्याचे आणि तमिळनाडूतील नियोजित भूमिगत वेधशाळेच्या खडकाचे नमुने प्रथम तपासले गेले.