नदीकाठचा फुकट मुक्काम

गाडीत तंबू टाकायचा, पोरांना घेऊन निघायचं आणि एखादी नदी दिसली की तिच्या काठाला, कुणाला दमडीही न देता, रात्र काढायची! हा बेत हल्ली बऱ्याच घरांत शिजतो. आमच्या भावंडांतही शिजतोय. "मलकापूरच्या आसपास कोयनेकाठी जागा मिळेल का?" असा प्रश्न आलाय. म्हटलं, उत्तर इथेच लिहावं. पण लिहायला बसल्यावर लक्षात आलं की हे काही नवीन खूळ नाही. लेकराबाळांना घेऊन नदीकाठी फुकट राहणं हा आपल्या भागातला फार जुना प्रकार आहे. फक्त त्याला 'कॅम्पिंग' म्हणत नसत इतकंच.

आधी जागा बघू. मलकापूर म्हणजे सातारा जिल्ह्यातलं, कराडला खेटून असलेलं, पुणे-बंगळूर हायवेवरचं. (बुलढाण्याचं नव्हे, आणि शाहूवाडीचंही नव्हे!) शेजारी कराडला कोयना आणि कृष्णा समोरासमोर येऊन भेटतात, तो प्रीतिसंगम. बाजूला आगाशिवचा डोंगर, त्यात साठाहून जास्त बौद्ध लेणी, साधारण दोन हजार वर्षांपूर्वीची. पश्चिमेला पाटणवरून कुंभार्ली घाट उतरला की चिपळूण. कोकण आणि देश यांच्यातली ये-जा करायची तर ही वाट सोयीची. वाट आली म्हणजे मुक्काम आला, आणि मुक्काम पाण्याजवळच पडणार. आज मलकापुरात मीटर लावलेल्या नळाला चोवीस तास पाणी देणारी योजना आहे, तिचं देशभर कौतुकही झालं. पण नळ येण्याआधी वाटसरूला पाणी म्हणजे नदी नाहीतर विहीर. शिवाय बैलांनाही प्यायला लागतं.

रेल्वे येण्याआधी मीठ आणि धान्य बैलांच्या पाठीवरून हलायचं. ते काम लमाणांच्या तांड्यांचं. तांडा म्हणजे फक्त व्यापारी नव्हेत. बायका, म्हातारी माणसं, तान्ही मुलं, कुत्री, सगळं घरदार बैलांबरोबर चालायचं. त्यांना सुट्टी अशी नव्हतीच, मुक्काम हेच घर. पुढे सडका झाल्या, एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीला कराडवरून मिरजेकडे रेल्वे गेली, आणि पाठीवरून माल नेणाऱ्या बैलांचं काम संपत गेलं. कालपर्यंत ज्यांच्यामुळे मीठ मिळत होतं ते आता 'हे इथे का थांबलेत?' या प्रश्नाचे धनी झाले.

या प्रश्नाला इंग्रजांनी कायद्याचं रूप दिलं. 1871 साली गुन्हेगार जमातींचा कायदा आला, आणि 1911 च्या कायद्याने तो मुंबई इलाख्यालाही लागू झाला. कैकाडी, पारधी अशा कितीतरी जमातींवर जन्मतःच गुन्हेगार असा शिक्का बसला. नाव नोंदवायचं, हजेरी द्यायची, परवानगीशिवाय जागा सोडायची नाही. सोलापूरला तारेच्या कुंपणाआड वसाहत होती, ती तर प्रसिद्धच आहे. मला या कायद्यातलं एक कलम विसरता येत नाही. सहा ते अठरा वयाच्या मुलांना आईबापांपासून तोडून वेगळ्या सुधारगृहात ठेवायची मुभा सरकारला होती. सहा वर्षं म्हणजे पहिलीतलं पोर हो! नदीकाठी पाल टाकून राहणाऱ्या आईला रात्री झोप कशी लागत असेल?

हा कायदा देश स्वतंत्र झाल्यावर पाच वर्षांनी, 31 ऑगस्ट 1952 रोजी गेला. म्हणून भटके विमुक्त लोक तो दिवस मुक्तिदिन म्हणून पाळतात. कायदा गेला तरी नजर गेली नाही. आपल्याच सातारा जिल्ह्यातल्या लक्ष्मण माने यांचं 'उपरा' 1980 साली आलं. गाढवांवर बिऱ्हाड लादून गावोगाव फिरणाऱ्या कैकाडी घरातलं मूल शाळेत जाऊ लागतं तेव्हा काय काय सोसावं लागतं, ते त्यात आहे. आमच्या पिढीतल्या अनेकांनी ते कॉलेजात वाचलं. पुन्हा वाचा. या वेळी मुलांचा बाप किंवा आई म्हणून वाचा.

आता याच्या शेजारी दुसरं चित्र ठेवा. ज्ञानेश्वर माउलींची पालखी नीरा नदीत स्नान करून सातारा जिल्ह्यात शिरते. लोणंद, तरडगाव, फलटण, बरड असे मुक्काम. सोहळ्याला आजचं रूप दिलं ते हैबतबाबांनी, तेही याच जिल्ह्यातल्या आरफळचे. लाखो माणसं माळावर, शेतात राहुट्या टाकतात. कुणी भाडं मागत नाही, उलट गाव भाकरी घेऊन समोर जातं. म्हणजे फुकट मुक्कामाला आपला समाज मुळीच नाही म्हणत नाही. माणूस कोण आहे आणि कशासाठी थांबलाय, एवढं तो बघतो. तीच नदी, तोच माळ, तसंच कापड. एकाला पायघड्या आणि दुसऱ्याला पोलीस पाटील.

हे फक्त आपल्याकडेच आहे असं नाही बरं का. स्कॉटलंडमध्ये 2003 च्या कायद्याने लोकांना मोकळ्या जमिनीवर नीट वागून तंबू टाकायचा हक्क दिला. शेजारच्या इंग्लंडमध्ये 2022 च्या कायद्याने परवानगीविना गाड्यांसह मुक्काम ठोकणाऱ्यांना, नुकसान किंवा त्रास झाला तर, थेट गुन्हेगार ठरवता येतं. त्याचा फटका बसतो तो मुख्यतः तिथल्या भटक्या कुटुंबांनाच.

आणि तिसरं चित्र आजचं आहे. आपला बेत असतो थंडीतला. नेमका तोच साखर कारखान्यांचा हंगाम. कराडच्या आसपासच रेठऱ्याचा कृष्णा आणि यशवंतनगरचा सह्याद्री हे दोन मोठे सहकारी कारखाने. त्यांच्यासारख्या कारखान्यांच्या जोरावर सातारा-सांगलीचा हा पट्टा वर आला. बीड, अहिल्यानगर अशा जिल्ह्यांतून ऊसतोड टोळ्या मुकादमाची उचल घेऊन या पट्ट्यात येतात. नवरा-बायकोची जोडी मिळून हिशेबात 'एक कोयता'. त्या कोयत्याबरोबर येणारं पोर हिशेबात कुठेच नसतं. पाचटाच्या नाहीतर प्लॅस्टिकच्या कोप्या, तान्ह्याला साडीची झोळी, पहाटे अंधारात फडावर. पाच-सहा महिने. मुलांसाठी साखरशाळा निघाल्या, पुढे गावाकडे हंगामी वसतिगृहं झाली. तरी मुलं येतातच, कारण मागे सांभाळायला कोण? 2010 पासून सहा ते चौदा वयाच्या प्रत्येक मुलाला शाळेचा कायदेशीर हक्क आहे. 1911 मध्येही सरकारने सहाव्या वर्षापासूनच हात घातला होता, तो मूल हिरावून घ्यायला. शंभर वर्षांत कायद्याची दिशा बदलली हे काही थोडं नाही. फक्त ती बदललेली दिशा कोपीपर्यंत पोचायची आहे.

असो. तर मंडळी, मूळ प्रश्नाचं उत्तर. नदीच्या पात्रात तंबू अजिबात टाकायचा नाही. वर कोयना धरण आहे, जवळपास 105 टीएमसीचं. पायथ्याच्या वीजगृहातून पाणी सोडलं की इथे ढग नसतानाही पात्रातलं पाणी वाढतं. पावसाळ्यात तर नावच काढू नका, 2005, 2019 आणि 2021 चे पूर आठवा. उंचावरचं रान बघायचं, मालकाला विचारायचं, गावात पोलीस पाटलांना सांगून ठेवायचं. आपण विचारलं की बहुतेक 'राहा की' असंच म्हणतील, चहाही पाजतील.

ते 'राहा की' ऐकताना सोबतच्या पोरांना एक गोष्ट जरूर सांगा. हा शब्द आपल्याला सहज मिळतो, तो आपल्या गाडीकडे आणि कपड्यांकडे बघून. पलीकडच्या फडाजवळच्या कोपीतही त्यांच्याच वयाची पोरं असतील. क्रिकेटला गडी कमी पडले तर त्यांना खुशाल बोलवायला सांगा. बॉल आपला, मैदान सगळ्यांचं.